नसलेला रकाना

१६ जानेवारी १९६७ रोजी माझी आजी मत देऊन घरी परतली ती जरा खट्टू होऊनच, कारण मतपत्रिकेवर सिंह नव्हता. १९६३ च्या डिसेंबरात गोवा, दमण व दीवच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली तेव्हा तो होता, आणि तिच्या मनातला सगळा हिशेब त्या चित्राभोवतीच बांधलेला होता: सिंह म्हणजे मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), मगो म्हणजे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, आणि भाऊ म्हणजे ज्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कुळे होतो त्याच्या अंगणात मान खाली न घालता उभे राहण्याची मुभा. जनमत कौलाच्या कागदावर मात्र कोणत्याच पक्षाचे चिन्ह नव्हते. ज्याला महाराष्ट्रात विलीन व्हायचे आहे त्याच्यासाठी फूल आणि ज्याला केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे आहे त्याच्यासाठी दोन पाने, एवढी दोनच चित्रे. आजोबांनी आदल्या रात्री तिच्याकडून ‘फूल, फूल’ असे घोकून घेतले होते, त्यामुळे तिचे मत चुकले नसावे. पण सिंह नसलेले मतदान तिला मूर्ती नसलेल्या गाभाऱ्यासारखे वाटले, आणि पुढे कितीतरी दिवस ती ‘त्या दिवशी खरे मत घातलेच नाही’ असे म्हणत राहिली.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि मला त्या तक्रारीची गंमत वाटत असे. आज वाटते की तिने नकळत एका मोठ्या प्रश्नावर बोट ठेवले होते. पक्ष बाजूला ठेवून मतदाराला थेट विचारले, तर तो काय करतो? सरकार सत्तेवर असताना कौल निष्पक्ष होणार नाही असा आक्षेप होता, म्हणून बांदोडकरांनी आधीच राजीनामा दिलेला होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, मार्चच्या अखेरीस, विधानसभेची निवडणूक झाली आणि तीस जागांपैकी १६ जागा जिंकून मगो पुन्हा सत्तेवर आला. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या समोरच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ मिळाल्या. विलीनीकरण ही ज्या पक्षाची पहिली मागणी, ज्याच्या नावातच महाराष्ट्र आहे, त्याची ती मागणी नाकारणाऱ्या प्रदेशानेच त्याच्या हाती कारभारही परत दिला. ही दोन्ही मते देणाऱ्यांत काही जण तरी तेच असणार.

अशांपैकी एक आमच्याच घरात होता, हे मला कळायला तीस वर्षे जावी लागली. माझे धाकटे काका पणजीला कारकून होते आणि ‘राष्ट्रमत’ वाचत. चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालचे ते दैनिक मराठीत निघत असे आणि विलीनीकरणाला विरोध करी. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच येई. आजच्या भाषावादात मराठी म्हणजे विलीनीकरण आणि कोंकणी म्हणजे विरोध अशी सरधोपट वाटणी करणाऱ्यांना हे सांगावे लागते की आमच्यासारख्या मराठी वाचणाऱ्या बहुजन घरांत दोन पाने शिरली ती मराठी वर्तमानपत्राच्या घडीतूनच. काकांनी कौलात दोन पानांना मत दिले आणि मार्चमध्ये सिंहाला. माझ्या वडिलांच्या बाराव्याला नातलग जमले असताना त्यांनी हे प्रथमच उघड केले. त्यांचे कोंकणीतले शब्द मराठीत असे होतात: “भाऊ आपलेच. शेत दिले, वाड्यावर शाळा आणली, ते मी विसरलो नाही. पण घर कोणाच्या नावावर करायचे हे घरच्यांनी ठरवायचे असते, त्यात भाऊंचा काय संबंध?” वसरीवर बसलेल्यांपैकी दोघांना तीस वर्षांनंतरही ते आवडले नाही. एकजण चहा न घेता उठला.

राजकारणाच्या अभ्यासकांनी या दुहेरीपणावर बरेच काम केले आहे, पण ते प्रामुख्याने अमेरिकेत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६० च्या सुमारास असे मांडले की बहुसंख्य लोक पक्षाची निवड धोरणे तपासून करत नाहीत. पक्ष त्यांना घरातून मिळतो, जसा धर्म मिळतो तसा, आणि मग जगातल्या घडामोडी ते त्या पक्षाच्या चष्म्यातून पाहू लागतात. आजीच्या सिंहाकडे पाहिले की हे पटते. काकांकडे पाहिले की तेवढे पटत नाही. चष्मा त्यांच्याही नाकावर होता. पण जवळचे वाचताना काही माणसे जशी तो कपाळावर सरकवतात, तसा त्यांनी एका दिवसापुरता तो सरकवला होता.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण माझी भाची. भाची म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. ती मला आत्या म्हणते. फिलाडेल्फियाजवळच्या एका गावात तिचे घर आहे आणि काही वर्षांपूर्वी ती अमेरिकेची नागरिक झाली. मतदार म्हणून नाव घालताना अर्जात एक रकाना दिसला म्हणून तिने मला मध्यरात्री फोन केला. “आत्या, इथे पक्ष विचारताहेत. काय लिहू?” मला आधी वाटले, ती पक्षाची सदस्य होते आहे. तसे नव्हते. सरकारी अर्जातच, नाव, जन्मतारीख आणि पत्त्याच्या पंगतीत, पक्षाचा रकाना होता. आपल्याकडे उमेदवाराला पक्ष विचारतात. मतदाराला विचारणे हा मला उद्धटपणा वाटला, आणि मी तिला तो रकाना कोरा ठेवायला सांगितले.

सल्ला चुकीचा होता हे २०२३ च्या मे महिन्यात कळले. तिथे मुख्य निवडणुकीच्या आधी ‘प्रायमरी’ होते, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे पक्षाचे नोंदणीकृत मतदार ठरवतात. पेनसिल्व्हेनियात ही प्रायमरी बंदिस्त असते: ज्याने अर्जात जो पक्ष लिहिला असेल त्याने त्याच पक्षाच्या उमेदवारांतून निवड करायची, आणि ज्याने काहीच लिहिले नसेल त्याने घरी बसायचे. मुलाच्या शाळेचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची ती निवडणूक होती आणि तिला त्यात खराच रस होता. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत ती कोणालाही मत देऊ शकत होती, त्याला नोंदलेल्या पक्षाची आडकाठी नव्हती. पण तिथे एकाच पक्षाचे वर्चस्व असलेले मतदारसंघ पुष्कळ असतात आणि अशा ठिकाणी खरा निकाल प्रायमरीतच लागून गेलेला असतो. म्हणूनच काही लोक मन एका पक्षात आणि नोंदणी दुसऱ्या पक्षात, असे मुद्दाम करतात. हे ऐकून मी हसले, कारण ही युक्ती माझ्या तालुक्यात कोणालाही समजावून सांगावी लागली नसती.

त्या देशातही सगळीकडे सारखे नाही. टेक्सास आणि व्हर्जिनियात मतदाराच्या नोंदणीत पक्ष विचारत नाहीत, आणि नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही. न्यूयॉर्कचा नियम असा कडक होता की २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प यांची इव्हान्का आणि एरिक ही दोन मुले वडिलांना प्रायमरीत मत देऊ शकली नाहीत. पक्ष लिहायची मुदत आदल्या वर्षीच टळून गेली होती. आपल्याकडे पुढाऱ्याच्या मुलांना कोणत्या रकान्यात काय लिहिले आहे हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. केंटकी राज्याची गोष्ट मात्र मला जास्त ओळखीची वाटली. तिथे २००० पासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जिंकत आला, तरी नोंदणीकृत मतदारांत डेमोक्रॅट्सची संख्या २०२२ पर्यंत जास्त होती. म्हणजे वीस-बावीस वर्षे हजारो माणसे आजोबांचा पक्ष कागदावर सांभाळून आपले मत दुसरीकडे देत होती. कागद बदलायला मतापेक्षा जास्त वेळ लागला.

आपल्या मतदार नोंदणीच्या सहा क्रमांकाच्या अर्जात हा रकाना नाही. नाव, नातलगाचे नाव, जन्मतारीख, पत्ता, आणि घरातल्या कोणाचे नाव आधीच यादीत असेल तर त्याचा तपशील. जात नाही, धर्म नाही, पक्ष तर नाहीच. लोकप्रतिनिधित्व कायदा मतदानाच्या गुप्ततेची हमी देतो आणि कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयातही कोणावर करता येत नाही. नोकरीत असताना अनेक निवडणुकांत मी मतदान अधिकारी म्हणून बसले आणि ही गुप्तता जपण्यासाठी केवढा खटाटोप होतो हे जवळून पाहिले. पुठ्ठ्याचा आडोसा खिडकीकडे तोंड करून लागला तर केंद्राध्यक्ष तो स्वतः फिरवून ठेवत असत. पण त्याच खोलीत, आडोशापासून सहा पावलांवर, प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी यादी मांडीवर घेऊन बसलेला असे, आणि पहिली मतदान अधिकारी म्हणून मतदाराचे नाव व अनुक्रमांक मोठ्याने वाचणे हे माझे कामच होते, जेणेकरून त्या सगळ्यांना आपापल्या यादीत खूण करता यावी. बोगस मतदान रोखण्यासाठी ते आवश्यक आहे, यात शंका नाही. दुपारी दोनच्या सुमारास मात्र त्या याद्यांचा दुसरा उपयोग सुरू होई. अनुक्रमांकांच्या चिठ्ठ्या बाहेर जात आणि थोड्याच वेळात रिक्षा नेमक्या त्याच घरांपुढे थांबत, जिथले ‘आपले’ मत अजून आलेले नसे. ‘आपले’ कोण हे त्यांना ठाऊक होते, कारण प्रत्येक यादीत नावांच्या डावीकडे आधीच खुणा होत्या. बरोबरची खूण, फुली, आणि थोड्या नावांपुढे प्रश्नचिन्ह.

म्हणजे रकाना आपल्याकडेही आहे. तो छापलेला नाही, पेन्सिलीने आखलेला आहे, आणि तो भरणारा मतदार नसतो.

माझ्यापुरती त्या खुणेची हकीकत सांगते. १९७७ साली मी माहेरच्या गावी, फोंडा तालुक्यात, पहिले मत दिले. तेव्हा वयाची अट २१ ची होती. घर सिंहाचे, म्हणून माझ्यापुढे सिंहवाल्यांची बरोबरची खूण असणार. मी प्रत्यक्षात कोणाला मत दिले हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. चार वर्षांनी लग्न होऊन डिचोली तालुक्यात आले. सासरे खाणीवर टायमकीपर होते आणि घर हाताचे. माझे नाव एका यादीतून कमी झाले आणि दुसऱ्या यादीत आले, आणि त्याबरोबर, माझ्या मनात काय आहे याची चौकशीही न होता, मी एका रात्रीत पक्ष बदलला. आमदारांच्या पक्षांतराबद्दल इतके लिहिले जाते, पण गावोगावच्या सुना दर लग्नसराईत हे पक्षांतर करत असतात आणि त्यासाठी ना कोणी त्यांना दोष देत, ना कोणी त्यांना मंत्रिपद देत. पहिल्या निवडणुकीत सासूबाईंनी मला वाटेत हळूच सांगितले होते, “आमचें मत हाताक हां, सून.” नंतर काही वर्षांनी त्या एकदा चूल फुंकता फुंकता म्हणाल्या की त्यांचे माहेर सिंहाचे. पुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या घरातून सिंहाला किती मते जात होती हे सासऱ्यांना अखेरपर्यंत कळले नसावे.

घराचा पक्ष ठरवण्याची ही रीत निव्वळ भोळेपणाची नाही. गोव्याचा मतदारसंघ लहान आहे. २०२२ च्या निवडणुकीत साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि ४० जागा, म्हणजे सरासरीने तीस हजारांच्या आतबाहेर माणसे. महाराष्ट्रातला आमदार लाखांत मोजतो, आमचा घरांत मोजतो. २०२२ साली साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी निवडून आले, पणजीत बाबूश मोन्सेरात यांनी उत्पल पर्रीकर यांचा ७१६ मतांनी पराभव केला, आणि फोंड्यात भाजपचे रवी नाईक व मगोचे केतन भाटीकर यांच्यात अंतर होते ७७ मतांचे. सत्त्याहत्तर मते म्हणजे आमच्या वाड्यावरची वीस घरे. अशा ठिकाणी प्रश्नचिन्ह असलेल्या एका घरासाठी उमेदवार स्वतः तीन वेळा येतो, आजारी माणसाला इस्पितळात नेतो, आणि बरोबरच्या खुणेचे घर मात्र गृहीत धरतो. निष्ठेला गिऱ्हाईक नसते आणि संशयाला असते, हे आमच्या भागातल्या हुशार घरांनी केव्हाच ओळखले आहे. एका घरातले दोघे भाऊ वेगवेगळ्या पक्षांचे झेंडे धरून हिंडताना पाहिले तर बाहेरच्याला वाटेल की घर फुटले. बऱ्याचदा त्यांनी संध्याकाळी एकत्र बसून तसे ठरवलेले असते.

ज्या घरांना ही चतुराई जमत नाही त्यांचे काय होते, हेही पाहिले आहे. निवडणुकीचा निकाल केंद्रवार जाहीर होतो, ही गोष्ट शहरी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. कोणत्या शाळेतल्या यंत्रात कोणाला किती मते, हा तक्ता सर्वांना उपलब्ध असतो. १९९९ च्या जूनमध्ये गोव्याची सबंध विधानसभा निवडणूक मतदानयंत्रांवर झाली, देशात पहिल्यांदा. २०१७ मध्ये सगळ्या चाळीस मतदारसंघांत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेले मत चिठ्ठीवर छापून दाखवणारे यंत्र, लावणारे पहिले राज्यही गोवाच. या दोन्हींचे मला कौतुक आहे. पण कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची सोय नियमांत होती; यंत्रे आली आणि ते मिसळणे संपले. यावर निवडणूक आयोगानेच २००८ साली उपाय सुचवला होता. टोटलायझर नावाचे उपकरण अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवते, केंद्राकेंद्राचे आकडे उघडे पडत नाहीत. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती मानली नाही. कारणे काहीही दिली गेली असोत, केंद्रवार आकडा हातचा जाऊ द्यायला कोणता पक्ष मनापासून तयार होईल, हे मला तरी सुचत नाही.

आमच्या जवळच्या एका वाड्यावरच्या केंद्रात एका वर्षी निवडून आलेल्या उमेदवाराला अकरा मते पडली. रात्री आठच्या आत गावाने त्या अकरा जणांची नावे ठरवली, आणि मौज अशी की मला त्यांतली निदान दोन चुकीची होती हे ठाऊक होते. पुढची पाच वर्षे त्या वाड्याची वाट डांबर न लागता राहिली. डांबर वळणापर्यंत आले आणि जणू रेघ मारून थांबले. पावसाळ्यात मुले चपला हातात घेऊन शाळेत येत, आणि मी वर्गाच्या दारात त्यांचे चिखलाचे पाय पाहून अकरा हा आकडा आठवत असे. ज्यांनी त्या उमेदवाराला मत दिले होते त्यांचीही मुले त्यात होतीच. मत गुप्त होते. पक्ष वाड्याचा ठरला होता.

भाचीच्या अर्जातला रकाना मला उद्धट वाटला होता. आता तसे म्हणवत नाही. तिथेही त्या नोंदीचे तोटे आहेत. मतदाराचा पक्ष यादीत लिहिलेला असतो आणि यादी मागणाऱ्याला मिळते, त्यामुळे शेजाऱ्याचा पक्ष कोणता हे शोधून काढता येते. पण तिथल्या नोंदीबरोबर एक हक्क येतो. पक्ष लिहिलेल्या माणसाला त्या पक्षाचा उमेदवार ठरवता येतो. आमच्याकडे आजीने हयातभर सिंह सांभाळला, पण सिंहावर कोणी उभे राहायचे हे तिला एकदाही कोणी विचारले नाही. विचारले जाऊ शकते ही कल्पनाही तिच्या डोक्यात आली नसेल. तिकीट मिळते ते दिल्लीत, किंवा पणजीतल्या एखाद्या हॉटेलात, आणि गावात पोहोचते ते फटाक्यांच्या आवाजाने. आम्ही पक्षाचे असतो, पक्ष आमचा नसतो. भाचीने आता एक पक्ष लिहून टाकला आहे आणि जावयाने दुसरा. एकाच घराच्या टपालपेटीत दोन पक्षांची पत्रके येतात आणि जेवणाच्या टेबलावर दोन ढिगांत पडतात. इथे असे घर असते तर कार्यकर्त्याची पेन्सिल अडखळली असती.

आणि ज्या निष्ठेची आमच्याकडून अपेक्षा होते, ती ज्यांच्यासाठी, त्यांच्याबद्दल किती लिहावे? २०१७ साली काँग्रेसचे १७ आमदार निवडून आले. २०१९ च्या जुलैत त्यांतले दहा एकदम भाजपमध्ये गेले, आणि मुदत संपताना त्या बाकांवर दोनच उरले होते. २०२२ च्या निवडणुकीआधी पक्षाने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रूसापुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन फुटणार नाही अशा शपथा घ्यायला लावल्या. अकरा निवडून आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांतले आठ गेले, आणि माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी आपण आधी देवाला विचारल्याचे सांगितले. मगोची कथाही वेगळी नाही. २०१७ मध्ये हा पक्ष भाजपच्या विरोधात लढला आणि निकालानंतर त्याच्या सरकारात बसला. २०१९ मध्ये त्याच्या तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये विलीन झाले. २०२२ मध्ये तो तृणमूल काँग्रेसबरोबर लढला आणि निकालानंतर पुन्हा भाजपबरोबर गेला. फोंड्यात ज्या ७७ मतांवरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता, त्या मतांच्या दोन्ही बाजूंचे पक्ष काही आठवड्यांत एकाच मंत्रिमंडळात होते. कायद्याला दोन तृतीयांश आमदार एकदम गेलेले चालतात. त्या दोन तृतीयांशांना निवडून देणाऱ्या माणसाने घराण्याचा पक्ष एकट्याने सोडला, तर मात्र त्याच्या दारावरून जाताना लोक आवाज खाली करतात.

मतदार आमदाराबरोबर जातो की पक्षाबरोबर राहतो, याचे एकच उत्तर मला सापडलेले नाही. वाळपईत २०१७ साली विश्वजित राणे काँग्रेसवर निवडून आले, लगेच राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि पोटनिवडणूक मोठ्या मताधिक्याने जिंकले. हाताची बरोबरची खूण असलेली घरे जशीच्या तशी कमळाच्या यादीत गेली. उलट २०१९ मध्ये पक्ष बदललेल्या दहांपैकी बहुतेक जण २०२२ मध्ये घरी बसले. सांत आंद्रेत तर असा एक आमदार रिव्होल्युशनरी गोवन्स या नवख्या पक्षाच्या तरुणाकडून ७६ मतांनी पडला. ती शहात्तर माणसे कोण असतील, हा विचार मला अधूनमधून सुखावतो. त्यांच्या नावांपुढे आदल्या दिवसापर्यंत कोणती खूण असेल? पंचायतीच्या निवडणुकांत तरी पक्षचिन्हे नसतात असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे; पण कोणते पॅनल कोणाचे हे उमेदवारी अर्ज भरण्याआधीच माहीत असते, त्यामुळे त्या बिनचिन्हाच्या निवडणुकीचा मतदाराला दिलासा असा काही मिळत नाही.

माझ्या काकांच्या त्या एका मताकडे मी पुन्हा पुन्हा येते ते यामुळे. त्यांनी पक्ष सोडला नव्हता. पक्षाने त्यांना हाकललेही नव्हते, कारण पक्षाला कळलेच नव्हते. त्यांच्या नावापुढची खूण जानेवारीत जी होती तीच मार्चमध्ये होती, आणि दोन्ही वेळा ती पाहणाऱ्याला वाटले असेल की हे मत आपल्या खिशात आहे. जनमत कौलाचा निकाल ऐकून गावातल्या पुढाऱ्यांनी म्हणे यादी पुन्हा पुन्हा मोजली होती. हिशेब लागेना.

गेल्या महिन्यात यादी घेऊन फिरणारा मुलगा आमच्याकडे आला. माझाच जुना विद्यार्थी, म्हणून वसरीवर न थांबता आत येऊन बसला. नातीला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत. तिने मोबाइलवरून स्वतःच अर्ज भरला होता आणि यादीत आपले नाव पहिल्यांदा छापून आलेले पाहायची तिला हौस होती. ती त्याच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. आमच्या घराच्या क्रमांकाखाली चार नावे, सगळ्यात शेवटचे तिचे, आणि चारही नावांच्या डावीकडे पेन्सिलीची सारखीच खूण. तिने अजून एकदाही मत दिलेले नाही.

“ही खूण कसली?” तिने विचारले.

“काही नाही गो. घर सापडायला सोपे जाते.”

“घर क्रमांक तर छापलाय,” ती म्हणाली.

त्याने पान उलटले आणि माझ्याकडे पाहून, “बाई, चहा नको हां,” असे म्हणाला. चहा मी विचारला नव्हता.